नणंद रग्बी खेळायला जपानला गेली

लग्न होऊन मी घाटकोपरला आले, तेव्हा माझी नणंद कॉलेजात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर तांदळाच्या डब्यावर एक चेंडू. गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता, न सोललेल्या नारळासारखा. मी सासूबाईंना विचारलं, "आई, हे काय?"

त्या म्हणाल्या, "तिचा नवरा. हात लावू नकोस, ओरडते."

अशी माझी रग्बीशी ओळख झाली. नणंद आधी कबड्डी खेळायची, आमच्या टेकडीवरच्या मंडळात. एका स्पर्धेत चढाईला आलेल्या मुलीला तिने कमरेत धरून अशी खाली आणली, की बघायला आलेला एक रग्बीचा कोच जागेवरून उठला. सामना संपल्यावर तो तिला म्हणाला, "हेच करायचं, फक्त पळता पळता. येतेस का?" ती गेली आणि परत कबड्डीकडे वळलीच नाही. मला हा खेळ तिने एका वाक्यात समजावला होता. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हाताने द्यायचा तो मागच्यालाच, आणि समोरची टीम तुला पाडणार.

"मुद्दाम पाडणार?" मी विचारलं.

"मग काय सॉरी म्हणून पाडणार?"

आमची इमारत जुनी चाळ पाडून बांधलेली. घर एक खोली-किचन, पण सातव्या मजल्यावरचा पॅसेज मात्र ऐसपैस लांब. संध्याकाळी तिथे तिची प्रॅक्टिस चाले. एक जुनी गादी गुंडाळून दोरीने बांधलेली असायची. ती गादी छातीशी धरून मी उभी राहायची आणि नणंद पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून पळत येऊन खांद्याने धडकायची. पहिल्या धडकेला मी गादीसकट समोरच्या काकूंच्या दाराला लागले. काकू बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "नवी सून ना? हळू गं, अजून हळद निघाली नाहीये तिची."

हळूहळू मला सवय झाली. माझं काम एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं. सकाळी लवकर सुरू होतं, दुपारी संपतं. संध्याकाळी ती घरी आली की दारातूनच हाक मारायची, "वहिनी, गादी!"

पुढे ती खूप चांगली खेळायला लागली. राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या. टीव्हीवर काही दिसायचं नाही, पेपरात आलंच तर चार ओळी. एका शाळेत कंत्राटावर पीटी शिकवायची. स्पर्धेला जायचं तर रजा बिनपगारी आणि बूट फाटले तर सासरे शिवून आणायचे. तिचा गुडघा सुजला की सासूबाई आंबेहळदीचा लेप घालायच्या. आशियातल्या एका स्पर्धेत ती खेळली, तिथे कुणीतरी तिला हेरलं आणि काही आठवड्यांनी जपानच्या एका क्लबकडून विचारणा आली. वर्षभराचा करार, राहायला खोली, विमानाचं तिकीट. आणि पगार असा, की ऐकून माझा नवरा म्हणाला, "महिन्याचा की वर्षाचा, नीट विचार."

महिन्याचाच होता.

त्या संध्याकाळी तिने गादी मागितली नाही. पॅसेजमध्ये माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"वहिनी, तिकडे एक माणूस फक्त गुडघा बघायला असतो. फक्त गुडघा!"

"मग रडतेस कशाला?"

"मी गेले तर टीमची वाट लागेल ना यार. स्पर्धा तोंडावर आलीये."

घरात वेगळंच चाललं होतं. सासरे बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्यात फसवणूक दिसायची. "परदेशात नोकरी म्हणतात, नेतात आणि भांडी घासायला लावतात. रोज पेपरात येतं. मला त्यांचा साहेब दाखवा, मग बोलू."

मग रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. साहेब नव्हताच, बाई होती. क्लबची मॅनेजर, केस बारीक कापलेले, बोलणं सावकाश इंग्रजीत. माझ्या नवऱ्याने दुभाष्याचं काम घेतलं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मैदान दाखवा म्हणावं."

ती बाई फोन घेऊन उठली आणि चालत बाहेर गेली. हिरवंगार गवत, पांढऱ्या रेघा, दोन्ही टोकांना उंच खांब. सासरे पुढे झुकून बघत राहिले. आमच्या इथे एका मैदानात दहा क्रिकेटच्या मॅच चालतात आणि रग्बीवाल्या पोरी कडेच्या मातीत पळतात. मग ते म्हणाले, "एवढं मोठं मैदान आणि क्रिकेट कोणीच खेळत नाही?"

मैदानामागे झाडी होती आणि झाडीतून एक वळणदार छप्पर दिसत होतं. सासूबाईंचं तिकडेच लक्ष. "ते काय आहे विचार." नवऱ्याने विचारलं. ती म्हणाली, बुद्धाचं देऊळ आहे, मुली नव्या वर्षाला तिथे जातात.

सासूबाई तोपर्यंत किचनच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडून फोनसमोर वाकल्या. "नमो बुद्धाय." ती बाई पण कमरेतून वाकली. सासूबाईंना वाटलं, ती जास्त वाकली, म्हणून त्या पुन्हा वाकल्या. मग ती पुन्हा. असं कितीतरी वेळ चाललं, दोघींपैकी कुणी थांबायलाच तयार नाही. शेवटी माझा नवरा म्हणाला, "आई, बस कर, तिचा फोन पडेल."

कॉल संपल्यावर सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. "जाऊ दे तिला. तिथे आपलंच आहे सगळं." सासऱ्यांनी आणखी दोन-तीन शंका काढल्या, पण नुसत्या काढायच्या म्हणून.

आता राहिला कोच. त्याने बातमी ऐकल्यापासून नणंदेशी बोलणंच टाकलं होतं. प्रॅक्टिसला शिट्टी वाजवायचा, बाकीच्यांना ओरडायचा, हिच्याकडे बघायचाच नाही. ती घरी येऊन म्हणायची, "सर हो म्हणेपर्यंत मी जाणार नाही." तिकडे क्लबवाले उत्तराची वाट बघत होते. शेवटी एका सकाळी नमुन्यांची पहिली फेरी आटपून, खांद्याला बर्फाची पेटी लावून, मी तशीच मैदानावर गेले. सगळी टीम मला वहिनीच म्हणायची, कोचसुद्धा. तो क्रिकेटवाल्यांच्या रोलरवर बसला होता. मी पण बसले.

"सर, ती रडतेय घरी."

"रडू दे." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, शाळेत होती तेव्हापासून शिकवतोय तिला. माझ्या हाताखालची दोन पोरं श्रीलंकेत खेळायला गेली. एक मुलगी दुबईला, जिममध्ये शिकवते, तिथल्याच टीमकडून खेळते. चांगली झाली की गेली! मग मी पुन्हा चेंडू कसा धरायचा तिथून सुरू. मी काय रोपवाटिका काढलीये का?"

त्याचं खोटं नव्हतं. मला त्याचं वाईटही वाटलं. पण एक गोष्ट मला खरंच कळत नव्हती, म्हणून विचारलं, "सर, ती इथे राहिली तर तिला काय मिळेल?"

त्याने मैदानाकडे बघितलं, पोरींकडे बघितलं. "केळी," तो म्हणाला.

प्रॅक्टिसनंतर प्रत्येकीला तो स्वतःच्या खिशातून केळी आणून द्यायचा. तेवढंच त्याच्या हातात होतं. ते बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं, मग मलाही आवरेना. आम्ही दोघं त्या रोलरवर बसून इतके हसलो, की पोरी पळायच्या थांबल्या. डोळे पुसत तो म्हणाला, "सांगा तिला, उद्या सहाला ये. किक अजून कच्ची आहे. तिकडे जाऊन माझं नाव घालवेल."

त्या दिवसापासून जाईपर्यंत त्याने तिला पार पिळून काढलं. ती लंगडत घरी यायची, पण चेहरा झकास.

विमान दुपारचं होतं. सासूबाईंनी कांदा-लसूण मसाला, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी अशी भरली, की तिचे कपडे अर्धे बाहेर राहिले. विमानतळावर सगळी टीम जर्सी घालून आली होती. मुलींनी एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून तिच्याभोवती कोंडाळं केलं आणि मॅचच्या आधी द्यायची ती आरोळी दिली. शेजारी निरोप द्यायला आलेली एक आजी घाबरून मागे सरकली. कोच नणंदेला फक्त एवढंच म्हणाला, "खाली वाकून टॅकल कर. वर धरतेस तू." आणि गॉगल लावला.

ती गेली आणि टीम उघडी पडली. स्पर्धा पुण्याला होती. रग्बीचा हा प्रकार सात जणींचा, पण बदली खेळाडूही लागतात. एकीची परीक्षा निघाली, एकीचा खांदा निखळला. कोच घरी आला. चहा घेतला, बिस्किट बुडवलं, आणि मला विचारलं, "वहिनी, बुटाचा नंबर काय तुमचा?"

मी म्हटलं, "मला काही येत नाही सर. तिशी उलटलीये माझी."

"इतकी वर्षं तिची धडक तुम्ही खाल्लीत. माझ्या टीममध्ये ते कुणालाच जमलेलं नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घरातली एक पाठवली ते पुरलं नाही वाटतं!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचे जुने बूट धुऊन बाल्कनीत वाळत घातलेले दिसले. मला थोडे मोठे होत होते. मोज्यावर मोजा चढवला की बसायचे.

नमुना घ्यायला गेले तिथे एका आजोबांनी माझ्या हातावरचे काळेनिळे डाग बघून हळूच विचारलं, "पोरी, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "आजोबा, रग्बी खेळते." त्यांचा काही विश्वास बसला नाही. रक्त देताना माझ्याकडे काळजीनेच बघत होते.

पुण्याच्या पहिल्या मॅचला मी बाहेरच बसले. दुसरीला शेवटी शेवटी कोचने आत पाठवलं. समोर कोल्हापूरची टीम. त्यांची एक मुलगी चेंडू काखेत मारून थेट माझ्याच दिशेने निघाली. उंच, दणकट, आणि वेग असा की जमीन हलतेय असं वाटावं. तेव्हा लक्षात आलं, मी आजवर फक्त गादी धरून उभी राहिलेय, धडकले कधीच नाही. पण नणंद कशी यायची ते अंगाला पाठ होतं. डोकं बाजूला, खांदा पोटात, हात गुडघ्यांच्या मागे. मी डोळे मिटले आणि गेले. पुढचं कळलं तेव्हा ती मुलगी खाली होती, मी तिच्यावर होते आणि चेंडू सुटून गवतावर घरंगळत होता. आमच्या सगळ्यात चपळ मुलीने तो उचलला आणि शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन टेकवला. यालाच ट्राय म्हणतात, याचे गुण मिळतात. खालून ती कोल्हापूरची मुलगी म्हणाली, "ताई, उठा की आता."

बाहेर कोच फोन हातात उंच धरून उभा होता. फोनमधून नुसता कल्लोळ. मी जवळ गेले तर पडद्यावर नणंद, आणि तिच्यामागे तिच्या टीमच्या जपानी मुली दाटीवाटीने उभ्या, सगळ्या मिळून ओरडत होत्या, "वा-हि-नी! वा-हि-नी!" त्यांना वाटत होतं, तेच माझं नाव.

ती मॅच आम्ही जिंकलो. पुढची सेमीफायनल वाईट हरलो, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. परत येताना पोरी एक्सप्रेस वेवर वडापाव खात गात होत्या. मला मान वळवता येत नव्हती, आणि मी फार खूश होते.

नणंदेचा करार पुढे वाढला. मधे सुट्टीला आली तेव्हा सासऱ्यांना तिने मैदानावर नेऊन किक मारून दाखवली. ते ती किक कुठपर्यंत गेली हे अजून लिफ्टमध्ये लोकांना सांगतात. मी पण रविवारचं खेळणं सोडलेलं नाही. बदली म्हणूनच असते, पण असते.

गेल्या महिन्यात आमच्या त्या चपळ मुलीला जपानच्याच एका क्लबने चाचणीला बोलावलं. तिची आई आमच्या घरी आली, सासूबाईंना विचारायला. पोरगी एकटी कशी राहणार, खाणार काय, आजारी पडली तर कोण? सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांब, तिलाच विचार." व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिला. नणंदेने उचलला तेव्हा तिला धाप लागली होती, गालाला चिखल, मागे शिट्ट्या.

"काकू, मस्त आहे सगळं! प्रॅक्टिस चालूये, संध्याकाळी करते हां," म्हणाली आणि फोन ठेवला.

ती बाई गोंधळून सासूबाईंकडे बघत राहिली.

"बघितलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "कामात आहे." आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.