चार व्हॉल्व्हचे दाजी

विजेवर चालणाऱ्या वस्तूला माणसापेक्षा जास्त मान देणारा माणूस त्या काळी अख्ख्या हवेली तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात वायरमन होते. कारखान्याच्याच चाळीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी त्याच कारखान्यात हजेरी लिहायला होतो आणि चिंचवड गावात एका दोस्ताबरोबर खोली घेऊन राहत होतो. रविवारी जेवायला मात्र अक्काकडे. दाजी सहा फूट उंच, अंगानं काटक आणि बोलण्यात इतके हळू की समोरच्यानं पुढं वाकावं. वर्षभर रोज कारखान्यातून आल्यावर पाट मांडून ते काहीतरी जोडत बसत. ते काय आहे हे कुणी विचारलं की म्हणत, "होईल तेव्हा दिसेल." झाला तेव्हा तो अँप्लिफायर निघाला. आवाज मोठा करायचं यंत्र. दिव्यासारखे दिसणारे चार काचेचे व्हॉल्व्ह, मागं दोन ट्रान्सफॉर्मर, आणि हे सगळं ज्यावर उभं होतं ती अक्काच्या आंदणातली ॲल्युमिनियमची परात होती. परात उपडी करून तिला भोकं पाडल्याचं अक्काला दुसऱ्या दिवशी कणीक मळायच्या वेळी कळलं.

त्यातला एक ट्रान्सफॉर्मर त्यांनी हातानं गुंडाळला होता. तांब्याची केसाएवढी तार, आणि एकेक वेढा मोजायचा. वेढा चुकला की सगळं उलगडून पहिल्यापासून. एकदा ते आठशे बेचाळीसपर्यंत पोचले असताना अक्कानं आतून विचारलं, "मीठ आणलंत का?" दाजींनी हात थांबवला, थोडा वेळ भिंतीकडं पाहिलं आणि तार उलगडायला घेतली. रागावले नाहीत. फक्त त्यानंतर वेढे घालायच्या दिवशी मीठ, तेल, काड्यापेटी असं सगळं आधीच आणून ओळीनं मांडून ठेवायला लागले आणि अक्काला म्हणायचे, "आता सहापर्यंत काही संपवू नकोस."

यंत्र सुरू करण्याचे नियम होते. ओल्या हातानं त्या खोलीत यायचं नाही. दारं-खिडक्या अर्ध्या लावायच्या, कारण वारा थेट व्हॉल्व्हवर आलेला त्यांना खपत नसे. बटण दाबल्यावर दहा मिनिटं काहीही लावायचं नाही, नुसतं बसायचं. व्हॉल्व्हच्या पोटात हळूहळू लाली चढे, ती पुरती चढेपर्यंत दाजी हात जोडल्यासारखे बसून राहत. मी एकदा म्हटलं, "दाजी, गाण्याची तबकडी लावा की आता." ते म्हणाले, "पाव्हणं, झोपेतून उठवल्याबरोबर तुम्ही तरी गाता का?" लाऊडस्पीकर त्यांनी कपड्यांच्या कपाटाच्या दारात बसवला होता. आतल्या कपड्यांमुळं आवाजाला गोलाई येते असं त्यांचं मत होतं. त्यामुळं गाणं चालू असताना कपाटातून काही काढायचं नाही असाही एक नियम झाला. हळदीकुंकवाला निघालेल्या अक्काला एकदा ते फार कळवळून म्हणाले होते, "ते हिरवं लुगडं तेवढं राहू दे. ते निघालं की आवाज पातळ होतो."

तबकड्या त्यांच्याकडं तीनच होत्या, आणि त्यांना चौथीची गरज वाटत नव्हती. कारखान्यातल्या एखाद्याला ते मोठ्या अगत्यानं घरी आणत, फरशीवर खडूनं केलेल्या फुलीवर बसवत आणि तबकडी संपल्यावर विचारत, "कसं वाटलं?" तो बिचारा म्हणे, "झकास गाणं आहे राव." दाजींचा चेहरा उतरे. त्यांनी गाण्याबद्दल विचारलेलंच नसे. मीही सतरा वेळा त्या फुलीवर बसलो. ते विचारत, "मागं काही ऐकू येतंय का? गाण्याच्या मागं?" मला कधी काही आलं नाही. "छान आहे" म्हणून मी सुटका करून घेत असे. तळवड्याच्या एका फिटरनं भावाच्या लग्नात कर्णा वाजवायला तो अँप्लिफायर मागितला, तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, "हा घरातला आहे हो." जणू घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच त्यानं मागितलं होतं.

अक्काच्या दुसऱ्या बाळंतपणाला आई आमच्या गावाहून आली. चाकणच्या पुढं, भामा नदीच्या काठी आमचं गाव. पहिलं बाळंतपण तिथंच झालं होतं, पण ते जड गेलं होतं आणि मूल वाचलं नव्हतं, म्हणून या खेपेला डॉक्टर जवळ असलेला बरा असं ठरलं. आईला ऐकू येणं गेली काही वर्षं कमी कमी होत आता जवळजवळ बंद झालं होतं. ओरडून बोललं तर एखादा शब्द कळे. ओरडायला लावणं तिला आवडत नसे, म्हणून ती सगळ्यालाच "व्हय" म्हणत असे. शेजारच्या गोदूवहिनींनी विचारलं, "लेकीला मुलगा झाला का मुलगी?" तर आई म्हणाली, "व्हय." आणि दाजींशी तर बोलायचा प्रश्नच नव्हता. जावई दिसला की ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. ते मुळातच हळू बोलायचे, तेही सासूपुढं संकोचानं आणखी हळू. महिनाभर दोघं त्या दोन खोल्यांत राहिली, पण त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

मग एका सकाळी अक्का नळावर गेली होती. पोर पाळण्यात होती आणि आई पाळण्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. पोर उठली, रडायला लागली. आईला ते समजलं नाही. अक्का हंडा घेऊन आली तेव्हा रडून रडून पोरीचा आवाज बसला होता आणि ओठ निळे पडले होते. अक्कानं तिला उचलून छातीशी धरलं. आई वळली आणि तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, तेव्हा तिला सगळं कळलं. अक्का तिला एका शब्दानं बोलली नाही. पण संध्याकाळी मी गेलो तर आईचं गाठोडं बांधलेलं होतं. "मला गावाकडं घाल," ती मला म्हणाली. "पोर जीव टाकत हुती आन मी पाठ करून तांदूळ निवडत हुते. म्या हितं राहून काय उजेड पाडनार?" मी हातवारे करून समजावत राहिलो. दाजी उंबऱ्यात उभे होते. ते पायात चपला घालून बाहेर पडले.

ते देहूरोडला गेले होते. लष्कराचा मोडका माल विकणारे तिथं होते, त्यातल्या एकाकडून त्यांनी जुना हेडफोन आणि टेलिफोनमधला बोलायचा तुकडा आणला. घरी येऊन त्यांनी कपाटातला लाऊडस्पीकर सोडवला. अक्का मला पुढं सांगायची, "मी परातीला रडले नाही, पण ह्यांनी कपाटातला तो लाऊडस्पीकर सोडवला तेव्हा मात्र रडले." चार दिवस ते नुसती जुळवाजुळव करत होते. एका टोकाला बोलायचा तुकडा, मधे अँप्लिफायर, दुसऱ्या टोकाला हेडफोन. विजेचा जराही झटका आईला बसू नये म्हणून तो हेडफोन ते स्वतः घालून तासन् तास बसायचे. इकडं अक्का वारांची नावं घेऊन आईचं जाणं लांबवत होती. आज मंगळवार, उद्या अमावस्या.

रविवारी मी गेलो तेव्हा यंत्र तापत होतं. अक्कानं आईला जवळ बसवलं, पदर सारून तिच्या कानांवर हेडफोन चढवला. आईला वाटलं, कानाला औषध लावताहेत. दाजी तो तुकडा घेऊन आतल्या खोलीत दाराआड उभे राहिले. मी आत डोकावलो तर तुकडा नुसता तोंडाशी धरलेला आणि कपाळावर घाम. "बोला की," मी म्हटलं. "काय बोलू?" ते म्हणाले. शेवटी ते म्हणाले, "मामी, चहा घेणार का?"

आई दचकली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग अक्काकडं. दोघांचीही तोंडं मिटलेली. मग तिची नजर दाराकडं गेली. "जावाईबापू का?" ती म्हणाली. आतून उत्तर आलं, "होय, मीच." आईनं कानावरचा हेडफोन हातानं चाचपला. मग अक्काला म्हणाली, "सात वर्सं झाली लेक देऊन. आवाज आज कळला. एवढा उंच मानूस, मला वाटायचं भरदार आसंल. हा तर पोरासारका बारीक हाय गं." दाजी आत लाजून खाली बसले. मग तिनं चहा घेईन म्हणून सांगितलं.

तुकडा पाळण्याच्या दोरीला बांधला गेला. आई यंत्राशी बसून पोरीचा श्वास ऐकायची, ती कुशीवर वळली तरी उठायची. गाठोडं सुटलं. पुढं चार महिने त्या घरात एकही तबकडी वाजली नाही. फुलीवर आता आई बसत असे आणि दाजींचे सगळे नियम तीच सगळ्यात नीट पाळायची. हात कोरडे करून यायची, खिडकी ओढून घ्यायची, आणि दहा मिनिटं तापवण्याबद्दल तर तिला काही विचारावंसंही वाटलं नाही. "तवा तापल्याबिगर कुनी भाकर टाकती का?" ती म्हणाली. काही गोष्टी तिनं ऐकायला नको होत्या त्याही ऐकल्या. गोदूवहिनींशी बोलताना अक्का विसरून गेली की पाळणा जवळच आहे. थोड्या वेळानं आई शांतपणे म्हणाली, "माझी आमटी लई तिखट आसती तर मला सांगायचं, शेजारी कशाला?"

मग एक दिवस दाजींनी तिला तोच प्रश्न विचारला. आता ते तिच्याशी बोलायला सरावले होते. "मामी, कसं ऐकू येतंय?" आईनं विचार केला. "बोलनं चांगलं येतं. पर त्येच्या मागं कुनीतरी गहू चाळतंय." दाजी पुढं सरकले. "सारखं चाळतंय का मधून मधून?" "मधून मधून. शेजारच्या घरात चाळल्यागत." दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या सतरा "छान आहे"ची लाज वाटली. त्या संध्याकाळी त्यांनी परात उलटी करून एका सांध्याला पुन्हा कथलाचा डाग दिला, आईनं परत ऐकलं आणि सांगितलं, "गहूवाली गेली. आता लांब एक भुंगा हाय." त्या भुंग्यामागं दोघं पंधरा दिवस होती. ते काहीतरी बदलायचे, ती ऐकून सांगायची. पदर पुढं ओढायचं ती केव्हा विसरली ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुगीचे दिवस आले तसं आईचं लक्ष गावाकडं लागलं. घर तिचं तिथं होतं. आणि तिथं वीज नव्हती. तारा चाकणपर्यंत आल्या होत्या, पुढं खांबही नव्हते. दाजी एका सुट्टीला सायकलवर तिथवर जाऊन खांब पाहून आले. मग ट्रकच्या बॅटरीवर यंत्र चालवायचा आराखडा त्यांनी काढला, पण दर चार दिवसांनी बॅटरी बैलगाडीनं चाकणला नेऊन भरून आणावी लागणार होती. आई ऐकून घेऊन म्हणाली, "न्हाई जावाईबापू. सुगीत बैल रानात लागत्यात. माझ्या कानासाठी त्यास्नी नका राबवू. नातीचं रडनं ऐकलं, तुमचं बोलनं ऐकलं. पुष्कळ झालं." हेडफोन तिनं स्वतःच काढला, पदरानं पुसला आणि यंत्राच्या शेजारी ठेवला. नाशिक फाट्यावर आम्ही तिला एस.टी.त बसवलं. गाडी हलेपर्यंत दाजी खिडकीखाली उभे होते. घरी आल्यावर त्यांनी लाऊडस्पीकर पुन्हा कपाटात बसवला, तबकडी लावली आणि ती अर्ध्यातच उचलली. "स्वच्छ आहे," म्हणाले. "अगदी स्वच्छ झालंय."

आमच्या गावात वीज आली ती आई वारल्यानंतर तिसऱ्या वर्षी. दाजींनी कारखान्यातून आठ दिवसांची रजा काढली आणि आमच्या घराचं वायरिंग स्वतः केलं. दोन दिवे, एक ओसरीवर, एक चुलीपाशी. पुढच्या खोलीत, आई जिथं तांदूळ निवडायला बसायची त्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर त्यांनी प्लगसाठी एक पॉइंट काढला. चुलतभावानं विचारलं, "दाजी, आपल्याकडं प्लग लावायसारखं काय हाय?" दाजी स्क्रू पिळत होते. म्हणाले, "काही नाही. असू द्या." तिथं अजून कुणी काही लावलेलं नाही. घराला चुना देताना आमचा चुलतभाऊ तेवढी जागा सोडून देतो.