आत्याच्या टॉर्चला हात लावू नये

आधीच सांगते, चूक माझी होती. कोणी विचारायच्या आत कबूल केलेलं बरं, कारण आमच्या घरात विचारायला सगळे टपलेलेच असतात.

माझी आत्या टॉर्च बनवते. दुकानात टांगलेले असतात तसले नव्हेत. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याचा पंजा बघते, मग विचारते, "उजेड कुठे पाडायचाय?" विहिरी साफ करणाऱ्याला लांब जाणारा झोत, घड्याळजीला जवळचा पसरट. नळी, बॅटरी, एलईडी, सगळं त्या माणसाच्या मापाचं निवडायचं आणि स्वतः सोल्डर करायचं. तीस वर्षं ती रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगच करत होती. निवृत्त झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई आराम करतील. आराम आणि आत्या! तिनं जेवणाचं अर्धं टेबल बळकावलं, जुनी इस्त्री शिकंज्यात उलटी अडकवली आणि तिच्या तापलेल्या तळावर एलईडी बसवायच्या तांब्याच्या चकत्या ठेवायला लागली. त्या घरात कपडे कायम चुरगळलेले असतात.

गेल्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले. कप बशीत नाचायचा. तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या गावी असते. ती आली, तिनं तो कप पाहिला, आत्याच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग पाहिला आणि फर्मान सोडलं.

"आई, एक जरी टॉर्च परत आला ना, तर हे टेबल रिकामं करायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. तिथे बसून फुलझाडं लाव."

"मला फुलझाडं आवडत नाहीत," आत्या म्हणाली. पण अट मान्य केली. शब्द दिला की दिला, असं तिचं आहे.

मी दोन गल्ल्या सोडून राहते, पंखे-मिक्सर दुरुस्त करते. त्या टेबलापासून उठवली तर आत्या महिनाभरात वाळून जाईल, हे मला दिसत होतं. म्हणून मी शहाणपणा केला. रोज दुपारी आत्या आडवी झाली की मी टेबलाशी बसायचे, तयार टॉर्च उघडायचे, तिचे सोल्डरचे सांधे काढून माझे घालायचे आणि झाकण फिरवून टॉर्च जागच्या जागी ठेवायचे. तिचे सांधे मी तपासलेसुद्धा नाहीत. थरथरत्या हाताचं काम, त्यात काय बघायचं? सात महिने हा उद्योग चालला आणि एकही टॉर्च परत आला नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच झापलं असतं.

मग एके सकाळी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी टॉर्च टेबलावर आपटला.

"गाय अडली होती. वासराचे पाय दिसायला लागले आणि हा आधी मिणमिणला, मग गपकन बंद! दोघं वाचली ते नशीब."

नेमकी ताई त्याच दिवशी आलेली. दुष्काळात तेरावा महिना! तिनं कपाटावरचं रिकामं खोकं काढलं आणि त्यात चिमटे, सोल्डरची रिळं, पेस्टच्या डब्या भरायला लागली.   

आत्यानं टॉर्च उघडून भिंगाखाली धरला. तारेच्या मुळाशी सोल्डरचा फुगीर मणी होता. तिनं नखानं ढकलला तर तार सुटून हातात आली. तांब्याची चकती उष्णता पिऊन टाकते. ती आधी इस्त्रीवर तापवली नाही, तर सोल्डर नुसतं वर बसतं, धरत नाही. आणि मी इस्त्री एकदाही लावली नव्हती. ती तापायची वाट कोण बघत बसणार?

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

"माझीच चूक," ती ताईला म्हणाली. "भर खोक्यात."

"खोटं!" मी ओरडले. "तो सांधा माझा आहे! सात महिने सगळे सांधे मीच घातलेत, आत्या झोपल्यावर." आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. रडले पण, लपवू कशाला.

"सगळे?" आत्याची भुवई वर गेली. "अगं, तुझे फुगलेले मणी मला लांबून ओळखू येतात. दुपारी तू घालायचीस, संध्याकाळी मी काढून पुन्हा माझे घालायचे. हा एकच सुटला, कारण त्या दिवशी बाई दुपारीच येऊन घेऊन गेल्या."

ताई हातात चिमटा घेऊन तशीच उभी. "आई, तुझे हात बघ. कसं शक्य आहे?"

"माझा टॉर्च कधी मिळेल तेवढं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाई थांबत नाहीत."

आत्यानं ताईच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि इस्त्री लावून तापू दिली. नवी चकती, वर सोल्डरची पेस्ट. थरथरत्या चिमट्यानं तिनं एलईडी ठेवला, तो पार वाकडा पडला. माझा हात पुढे गेला, तिनं त्यावर चापट मारली. क्षणभरात पेस्ट वितळून चकाकली आणि तो एवढासा एलईडी तिच्यावर तरंगत, आपला आपण वळून सरळ बसला. मग मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून तिनं तारा लावल्या. तापलेल्या चकतीवर सोल्डर असं पसरलं की बघत राहावं. ताईनं सांधा नखानं ढकलून पाहिला, दोनदा पाहिला. मग खोकं रिकामं करायला लागली.

मला मात्र राहवेना. "सात महिने माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

आत्या टॉर्चचं झाकण फिरवत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"बोलले असते, तर रोज आली असतीस का?"