सुशीलाने पसंत केलेले टायर

परशुराम तांडेलाच्या जीपचे टायर तसे अजून एक-दोन वर्षं चालले असते. बदलायचे ठरले ते त्याच्या बायकोमुळे, सुशीलामुळे.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर होड्या पाण्यातून ओढून वर काढायला परशुरामाने ती जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. होडीच्या नाकाला दोर बांधायचा, जीप हळूच पुढे घ्यायची, आणि बघता बघता होडी सुरूच्या झाडांपर्यंत वर यायची. त्या कामासाठी त्याने चिखलाचे टायर घातले होते, मोठमोठ्या दातांचे. ओल्या वाळूत, शेवाळात, खाडीच्या गाळात, कुठेही ते दात रुतवून गाडी पुढे न्यायचे. डांबरावर मात्र ते भुंग्यासारखे गुणगुणायचे, आणि वेग वाढला की बाजूला बसलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. होड्या ओढणाऱ्याला डांबराशी काय देणं? परशुरामाने कधी मनावर घेतलं नव्हतं.

मग सुशीलाची किडनी गेली आणि आठवड्यातून तीनदा ओरोसला डायलिसिसला जाणं सुरू झालं. जाताना ती ठीक असायची. येताना सगळं रक्त धुऊन निघालेलं, अंगात त्राण नाही, हातावर पट्टी, आणि ओरोसपासून घरापर्यंत तो आवाज. ती कुरकुर करणाऱ्यांतली नव्हती. डोळे मिटून, डोकं काचेला टेकून बसायची. एकदा मात्र घरी उतरल्यावर पायरीवरच बसली आणि म्हणाली, "ह्ये टायर बदला. घराक येईसर माझ्या डोक्यात भोंगो वाजत रवता."

परशुराम दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेला तेव्हाही तेच डोक्यात घोळवत होता. रस्त्याचे गुळगुळीत टायर घालावेत तर गाडी घरापर्यंतही यायची नाही. डांबर संपल्यावर सुरूतून घराकडे येणारी वाट सगळी भुसभुशीत वाळूची. हेच ठेवावेत तर सुशीलाचे हाल.

पुढच्या खेपेला ओरोसहून येताना त्याने वाटेत कसालला रिझवानच्या टायरच्या दुकानापुढे जीप उभी केली. रिझवान त्याला ओळखत होता. त्याचे मामा देवबागला होडीवर असत. त्याने पहिला प्रश्न विचारला तो गाडी जास्त कुठे चालते, वाळूत की डांबरावर. परशुराम विचारात पडला. दोन वर्षांपूर्वी त्याने वाळूत असं पटकन सांगितलं असतं. आता खरं उत्तर डांबरावर असंच होतं, पण ते तोंडातून निघेना. "दोनीकडे," तो म्हणाला.

रिझवानने दोन-तीन नमुने काढून दाखवले. वाळूला मोठे दात लागतातच असं नाही, हे त्याने समजावून सांगितलं. मोठे दात वाळू उकरतात आणि गाडी स्वतःच स्वतःचा खड्डा खणते. वाळूत टायर रुंद हवा आणि त्यातली हवा कमी करता यायला हवी, म्हणजे तो पसरतो आणि वरून चालतो. चिखलात मात्र दाताला पर्याय नाही. तेव्हा सगळं थोडं थोडं हवं असेल तर मधल्या जातीचा घ्या, डांबरावर आवाज कमी, वाळूत चालेल, गाळात थोडा कमी पडेल.

सुशीला गाडीतच बसून होती. परशुराम तिला सांगायला गेला तर ती दार उघडून खाली उतरली. पट्टीचा हात पोटाशी धरून हळूहळू टायरांपाशी आली. एकेकावर अंगठा दाबून बघितला, भाजीवाल्याकडे दुधीला नख लावून बघतात तसा. मधल्या जातीच्या टायरवर तिचा हात थांबला.

"हे घेवया," ती म्हणाली. "हे जरा माणसात आसत."

रिझवान हसला. परशुरामही हसला. त्याच्या जीपला बसतील असे चार दुकानात नव्हते. कोल्हापूरहून मागवावे लागणार होते. आल्यावर फोन करतो, असं ठरलं.

टायर यायच्या आधी सुशीला गेली. दुपारी तांदूळ निवडत बसली होती, जरा पडते म्हणाली आणि पडली ती उठली नाही. परशुराम अंगणात होडीचा दोर सोडवत होता. शेजारच्या बायका आल्या, मग पुरुष आले, मुलगी भक्ती रात्रीच्या गाडीने डोंबिवलीहून आली. जे करायचं ते सगळं झालं. परशुरामाने सांगतील तिथे उभं राहून, सांगतील ते केलं. वाढलं ते जेवला. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते हे त्याला कळत होतं. रडू येईल म्हणून तोही वाट बघत होता. आलं नाही. पाण्याखाली कान गेल्यावर वरचं बोलणं ऐकू येतं तसं सगळं ऐकू येत होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर रिझवानचा फोन आला. टायर आले म्हणून सांगत होता. परशुरामाने फोन भक्तीकडे दिला आणि तिने काय झालं ते सांगितलं. रिझवान म्हणाला, घाई नाही, नको असतील तर परत पाठवीन. भक्तीने ते बापाला सांगितलं. "येतंय म्हणान सांग," परशुराम म्हणाला.

दोघं गेले. टायर दुकानाबाहेर एकावर एक रचलेले होते. रिझवानने आधी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, मग चाचरत बोलला.

"काका, ओरोसच्या फेऱ्यो आता नाय. होड्यांच्या कामाक तुमचे जुनेच बरे. ह्ये मी परत पाठवतंय. तुमी मनात काय आणू नकात."

तो बोलला ते बरोबरच होतं. भक्तीलाही पटलं. तिने बापाला हळूच विचारलं, "बाबा, आता कशाक बदलतास?"

परशुराम टायरांकडे बघत राहिला. होड्यांना कुठला बरा, खाडीत कुठला चालेल, सगळं त्याला येत होतं, पण त्यातलं काही मनात लागेना. आपल्याला काय हवं हेच त्याला सापडत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की या बाबतीत एकदा ठरलेलं आहे.

"तिना ठरवल्यान हां," तो म्हणाला. "घाल."

येताना जीप इतकी शांत चालली की भक्तीला बोलता आलं. डोंबिवलीला चला, जीप विकून टाका, इथे एकटे काय करणार, असं ती बोलत राहिली आणि परशुरामाला शब्दन् शब्द ऐकू आला. वाळू लागली तिथे उतरून त्याने चारही चाकांची हवा थोडी सोडली. जीप घरापर्यंत गेली.

भक्तीची रजा संपली तेव्हा तो तिला ओरोसच्या स्टेशनवर सोडायला गेला. गाडी सुटल्यावर परत फिरला, तर एस.टी.च्या थांब्यावर हडी गावच्या काशीबाई दिसल्या. हातावर पट्टी, पिशवी मांडीवर. डायलिसिसला सुशीलाच्या शेजारच्या खाटेवर असायच्या. त्याने जीप थांबवली. त्या चढून बसल्या, घाम पुसला, जरा सावरल्या.

"सुशीला बरी आसा मा? माझी वेळ सकाळची झाली, तेवापास्ना गाठ नाय."

घरी आलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं. स्वतःच्या तोंडाने सांगायची पाळी परशुरामावर अजून आलीच नव्हती.

"ती गेली," तो म्हणाला.

"भक्तीकडे?"

"नाय. वारली."

पुढचा सगळा रस्ता काशीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. हडीला त्यांच्या दारात जीप थांबली तेव्हा सुनेला हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितला. परशुराम ओटीवर बसला. काशीबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडल्या; ते त्याला ऐकू येत होतं. आपणही उठून आत जावं असं त्याला वाटलं, पण तो बसून राहिला. चहा आला. त्याने तो सगळा प्यायला, कप खाली ठेवला आणि काशीबाईंना पुन्हा कधी ओरोसला जायचं आहे ते सुनेला विचारून घेतलं.