मसणवट्यातली भाषणं

‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ हे शब्द कानावर पडले की मला शिसारी येते. आमच्याकडे चितेला अग्नी दिला की लोक लगेच घरी जात नाहीत. सावली बघून बसतात आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. मेलेला कुणीही असो, भाषण तेच. फक्त नाव बदलायचं.

माझी आत्या गेली तेव्हा लोहाऱ्याजवळच्या तिच्या गावी हेच झालं. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. आत्याबद्दल कुणीतरी एक तरी खरं वाक्य बोलावं, एवढंच मला वाटत होतं. नाहीतर उद्या तिची आठवण म्हणून हा शिळा मालच उरला असता.

आधी गावचे पुढारी उठले. उठताना माझ्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, “नाव काय वो म्हातारीचं?” नाव कळलं आणि लगेच त्यांचा गळा दाटून आला. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांना सोबत घेऊन चालणाऱ्या.’ अहो, आत्या लोहाऱ्याच्या जीपमध्येसुद्धा शेजारी कुणाला बसू द्यायची नाही. स्वतःची पिशवी सीटवर ठेवायची आणि वर म्हणायची, “तिला बी बसू द्या की.” तिच्या तोंडाला अख्खं गाव टरकून होतं आणि म्हणे मनमिळाऊ.

दुसऱ्यानं ती पोकळी काढलीच. मग स्वतःच्या, पतसंस्थेच्या, मंडळाच्या आणि कुठल्याशा महासंघाच्या वतीनं श्रद्धांजली वाहिली. तिसऱ्यानं आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळवला आणि खाली बसल्या बसल्या तंबाखू मळायला घेतली. समोर आत्या जळत होती. ती दिसली की वाट बदलणारी ही तोंडं आता तिला देवमाणूस करत होती.

शेवटी तिच्या शेताशेजारचे मामा उठले. त्यांच्या शेळ्यांवरून दोघांचं रोजचं भांडण. ते काय बोलतील याचा पुढाऱ्यांना अंदाज आला असावा. “बसा मामा, आता दोन मिनिटं शांत उभं ऱ्हायचंय,” म्हणत त्यांनी मामांचा हात धरला.

“बोलू द्या त्यांना,” मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच.

“म्हातारी लई तोंडाळ व्हती,” मामा म्हणाले. “माज्या शेळ्यांच्या सात पिढ्या काढायची.” मागं कुणीतरी हसलं. मामा थांबले नाहीत. “आज सकाळी शेळ्या तिच्या तुरीत शिरल्या. म्या हाकलल्या न्हायत. ती गेल्याचं कळलं व्हतं मला. तरी बांधावर उभा ऱ्हायलो. आता वरडंल, मग वरडंल म्हनून.”

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“शेळ्या अजून तिथंच हैत,” एवढं म्हणून ते खाली बसले.