वाचायच्या आधीच मंजूर

"विद्यार्थी कोण?" बारामतीच्या क्लासमधल्या मॅडमनी विचारलं, आणि मी म्हणालो, "मुलगी."

खरं तर विद्यार्थी मी होतो. पन्नाशीला टेकलेला, पेरूच्या बागेतून थेट उठून आलेला, खिशावर फवारणीचे डाग असलेला. तीन वर्षांच्या वकिलीच्या कोर्सला वयाची अट नसते, हे मी फोनवर इतक्या वेळा वाचलं होतं की पाठ झालं होतं. पण काचेचं दार ढकलून आत गेलो, भिंतीवर प्रवेश मिळालेल्या पोरापोरींचे हसरे फोटो पाहिले आणि तोंडातून मुलगी बाहेर पडली.

"ग्रॅज्युएट आहे ना?"

"हो. बी.कॉम."

"कधी झाली?"

खोटं बोलायची मला सवय नाही. एक बोललो की दुसऱ्याला धाप लागते. मी सांगितलं ते साल खरं होतं, म्हणजे माझं होतं. मॅडमनी ते कॉम्प्युटरवर टाकलं, माझ्याकडे बघितलं, परत कॉम्प्युटरकडे बघितलं.

"म्हणजे मुलगी साधारण तुमच्याच वयाची आहे."

"समजूतदार आहे पहिल्यापासून," मी म्हणालो आणि माहितीपत्रक उचलून बाहेर आलो.

रस्त्यावर मोटरसायकल सुरू करताना हसू आवरत नव्हतं आणि हसता हसता वाईटही वाटत होतं. मुलगी त्याच गावात होस्टेलवर राहून फार्मसी करत होती. बिचारीच्या माथी मी न मागितलेली परीक्षा मारून आलो होतो. तिच्या होस्टेलवरूनच माझा रस्ता होता. हेल्मेटची काच खाली ओढून, मान वाकडी करून, एखाद्या पाकीटमारासारखा मी तिथून गेलो.

हे वेड कुठून लागलं ते सांगायला हवं. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडे. गावच्या सोसायटीची दरसाल सभा होते. सचिव माईक हातात घेऊन "विषय क्रमांक एक" एवढं म्हणतात आणि सगळा मांडव ओरडतो, "मंजूर." विषय वाचायची वेळच येत नाही. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. सचिवांचा घसा वाचतो आणि मागे तळायला घेतलेली भजी गरम मिळतात. मी वर्षानुवर्षं पुढच्या रांगेत बसून खणखणीत मंजूर म्हणत आलो. लोक माझ्या आवाजाचं कौतुक करायचे आणि मलाही ते आवडायचं.

गेल्या सभेहून घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "काय झालं सभेत?"

"सगळं मंजूर झालं."

"पण काय?"

मला सांगता येईना. पुढच्या आठवड्यात सचिव रस्त्यात भेटले आणि अभिनंदन म्हणाले. बांधाची आणि पाटपाण्याची भांडणं समजुतीनं मिटवायला एक समिती नेमली होती आणि तिच्यात मी होतो. माझी नेमणूक मीच सगळ्यात मोठ्या आवाजात मंजूर करून आलो होतो.

झालं, समितीत बसलो. भांडणारे सातबारे आणायचे, मोजणीचे नकाशे आणायचे, कुणी कोर्टाचा जुना निकाल आणायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा कागद शेवटपर्यंत वाचला आणि मला त्याची चटक लागली. त्यातला 'परंतु' मला फार आवडायचा. पानभर कायदा सांगत राहतो की अमक्याला हक्क आहे, अमक्याला हक्क आहे, आणि मग खाली शांतपणे एक 'परंतु' येतो आणि त्या अमक्याचा हक्क घेऊन जातो. पेरूची छाटणी करताना मला तो आठवायचा आणि मी एकटाच हसायचो. एक दिवस छाटणीची कात्री हातात असतानाच लक्षात आलं की मला वकील व्हायचंय. त्या दिवशी मी चांगल्या फांद्याही छाटल्या.

लॉच्या प्रवेशपरीक्षेचा, सीईटीचा, अर्ज भरून टाकला. घरी सांगितलं नाही, कारण बायको हसेल असं वाटलं. सरावाचे पेपर सोडवायला घेतले तर निम्म्याहून जास्त उत्तरं चुकायची, आणि का चुकतात तेच कळत नव्हतं. कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं होतं. परीक्षा उन्हाळ्यात होती. यंदा शिकवणारं कुणी मिळालं नाही तर पुढच्या वर्षी एवढा धीर अंगात उरणार नाही, हे मी मला ओळखून होतो.

बारामतीत तसं झाल्यावर मी इंदापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. ते घरी शिकवतात असं ऐकलं होतं. तिथंही तोंडातून मुलगीच बाहेर पडली. अंगणातल्या खुर्चीवर बसवून त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग सासुरवाडी.

"सोमेश्वरनगरकडची," मी म्हणालो.

सर पुढे सरकले. "सोमेश्वरनगरात कुणाच्यातली?"

मी सांगितलं. माझ्या बायकोची मावशी त्यांच्या चुलतभावाला दिलेली निघाली. सरांनी आत हाक मारली, "अहो, चहा नको, पोहे टाका. पाहुणे आलेत आपले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे पोरगी आमची नातच की. येत्या रविवारी घेऊन या तिला."

पोहे खाऊन झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "सर, आपला विषय कोणता होता?"

"भूगोल," सर म्हणाले. "पण नातीसाठी कायदा शिकून घेईन मी. त्यात काय एवढं."

एवढ्या प्रेमाच्या माणसाला मी काय सांगणार होतो? रविवारी येतो म्हणालो, बाईंना नमस्कार केला आणि निघालो. आधी उलट दिशेला, भिगवणच्या बाजूला जाऊन एका ओळखीच्याकडे क्रेट बघायचे होते म्हणून वेळ लागला. घरी पोहोचेपर्यंत सरांचा फोन माझ्या आधी पोहोचला होता.

बायको पेरू भरायच्या शेडमध्ये कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पोरगी फार्मसी सोडून वकील व्हायला निघाली, आन् ते मला इंदापूरच्या पाहुण्यांनी सांगावं व्हय?"

"अगं, ऐक तरी."

"मी तिला फोन केलाय. यष्टीत बसलीय ती. आल्यावर दोघांचं बी ऐकते."

मुलगी आली ती सॅक पाठीवरून न उतरवताच शेडमध्ये शिरली. "पप्पा, मला लॉ करायचंय असं मी कधी म्हणाले?"

"नाही म्हणालीस."

"मग कुणाला करायचंय?"

मी पेरूंकडे बघितलं. त्यांच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती.

"मला," मी म्हणालो.

बायकोनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे, मग एक क्रेट पालथा घालून त्यावर बसली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. खांदे नुसते हलत होते. मला वाटलं होतं तसंच ती हसली, पण वाटलं होतं तसं ते लागलं नाही. बऱ्याच वेळानं तिला शब्द सापडले.

"मला वाटलं, ह्या वयात दुसरंच काय तरी लागलं मागं. सारखं बारामतीला काय, फोनमधी डोकं काय, पावडर लावून काय."

"पावडर नव्हती लावली."

"लावली हुती. कानामागं दिसत हुती मला."

मुलगीही आता फुटली. "म्हणजे पप्पा काळा कोट घालणार?"

"वर काळा कोट, आन् खाली फवारणीची पँट," बायको म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून परत हसायला लागल्या.

मी मुलीला म्हणालो, "तुझं नाव पुढं करून खोटं बोलत फिरलो. मला फार वाईट वाटतंय."

"वाईट नंतर वाटून घ्या. अर्ज कुणाच्या नावानं भरलाय ते सांगा आधी."

"माझ्याच."

"नक्की ना? वाचून भरला ना?"

मी फोन काढून परत एकदा बघून घेतलं. माझ्याच नावानं होता.

सरांना मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. ते आधी हसले आणि मग जरासे हिरमुसले. कायद्याचं एक पुस्तक त्यांनी आणूनसुद्धा ठेवलं होतं. त्या पुस्तकाचं मला अजून वाईट वाटतं.

मुलीनं एका दुपारीत जे केलं ते मला इतक्या चकरांत जमलं नव्हतं. तिच्या रूममेटची थोरली बहीण इंदापूरच्या कोर्टात नवीनच वकिली करत होती. हीच परीक्षा देऊन ती लॉला गेली होती आणि सुट्टीच्या दिवशी एकदोघांना शिकवायची. रविवारी आम्ही तिघं निघालो. पेरू वाहायच्या छोट्या टेम्पोत पुढे दाटीवाटीनं बसलो, मागे रिकामे क्रेट खडखडत होते, आणि बायकोच्या मांडीवर पेरूंची भरलेली पिशवी होती. मी कधी नव्हे ते गाणं म्हणत होतो. मुलगी म्हणाली, पप्पा, रस्त्याकडे बघा.

वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा चारदोन वर्षांनीच मोठ्या असतील. पुढच्या खोलीत फायलींचे गठ्ठे आणि खिडकीत वाळत घातलेला वकिलांच्या गळ्यातला पांढरा बँड. त्यांनी मुलीला जवळची खुर्ची दिली. "ये, बस. ग्रॅज्युएशन कशात झालं तुझं?"

मुलीनं माझ्याकडे बोट केलं. "मी नाही ताई. हे."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. या वेळी मात्र तोंडातून दुसरं कुणी बाहेर पडलं नाही. "विद्यार्थी मी आहे," मी म्हणालो.

बाईंनी चुन्नी सारखी केली. "काका, खरं सांगू का, मला नाही जमायचं. माझे वडील तुमच्या वयाचे आहेत. चुकलं की मी रागावते. तुम्हाला कशी रागावणार?"

"त्याची काळजी करू नका," बायको म्हणाली. "त्यांना सवय हाय."

नाही म्हणाल्या तर पुढे कुठलंच दार नव्हतं. "एक प्रश्न तरी घालून बघा," मी म्हणालो. "नाही आला तर आम्ही पेरू ठेवून जातो."

बाईंनी एका पुस्तकातलं पान उघडून पुढे केलं. वर नियम दिला होता, खाली घटना. शेजाऱ्याच्या शेतात परवानगीशिवाय शिरणं हे अतिक्रमण, असं काहीतरी वर होतं. खाली एक माणूस शेजाऱ्याच्या शेतात शिरला होता. असली भांडणं मी समितीत डझनानं बघितलेली. "दोषी," मी ताबडतोब म्हणालो.

"चूक."

"शेतात तर शिरलाय तो."

"काका, पुढची ओळ?"

पुढच्या ओळीत लिहिलं होतं की तो बांधावर उभा होता आणि तिसऱ्याच कुणीतरी त्याला धक्का दिला.

"तुम्ही पूर्ण वाचलंच नाही," बाई म्हणाल्या. "येतंय तुम्हाला. पण वाचायच्या आधीच उत्तर देताय."

"सोसायटीत तेच करत्यात," बायको म्हणाली, आणि तिनं भज्यांपासून माझ्या नेमणुकीपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाई आधी ओठ दाबून ऐकत होत्या. नेमणुकीशी आल्यावर त्यांनी हातातलं पुस्तक तोंडासमोर धरलं. पुस्तक बराच वेळ हलत होतं.

"बरं," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "बघू या. पण माझ्या काही अटी आहेत."

"मंजूर," मी म्हणालो.

मुलीनं कपाळावर हात मारला.

"काका, मी अजून सांगितल्या नाहीत."

"चुकलो. सांगा."

"फोन बाहेर ठेवायचा. मी रागावले तर मनाला लावून घ्यायचं नाही. दिलेला अभ्यास स्वतः करायचा, मुलीकडून करून घ्यायचा नाही. आणि हे पेरू परत न्यायचे, पुन्हा आणायचे नाहीत. मी विद्यार्थ्यांकडून काही घेत नाही."

मंजूर जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं आणि चारही अटी मनातल्या मनात पहिल्यापासून परत ऐकल्या.

"पहिल्या तीन मंजूर," मी म्हणालो. "चौथी नामंजूर."

बायकोनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदाच बघत असावी.

"का?" बाईंनी विचारलं.

"विद्यार्थी म्हणून काही आणणार नाही. परंतु आमच्याकडे कुणी कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही. तेव्हा दारात येईपर्यंत मी पाहुणा, आणि तेवढ्यात पेरू ठेवायचे. आत आल्यावर विद्यार्थी."

बाईंनी जरा विचार केला, पिशवी उचलून खुर्चीखाली सरकवली आणि पुस्तक परत माझ्या पुढ्यात ठेवलं. "आता वाचा. मोठ्यानं, शेवटपर्यंत."

मी वाचलं. एकही शब्द सोडला नाही. बांध आला, धक्का आला, आणि मी म्हणालो, "निर्दोष." त्या कागदातल्या माणसाला मी स्वतः हाताला धरून शेताबाहेर आणल्यासारखा मला आनंद झाला.

"पण धक्का दिला कुणी?" बायकोनं विचारलं.

"ते प्रश्नात दिलेलं नाही, काकू."

"दिलेलं नसंल. पण बघाय पायजे की."

परत येताना टेम्पोत दोघी गावापर्यंत त्यावरच वाद घालत होत्या. मुलीला वाटत होतं धक्का भावानं दिला, बायकोला वाटत होतं शेजाऱ्यानंच. मी मत दिलं नाही. त्याबद्दल मी काही वाचलं नव्हतं.