साहेबाचा चमचा आणि आत्याची चाल

मी वल्ह्याला हात लावला की आत्या तोंड फिरवायची.

"नाव हाय ती, बैलगाडी न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्याला जाड चष्मा, आणि तरी बोटीत कॅप्टन तीच.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. तिला जाऊन आज दहा वर्षं झाली.

कालच एका मित्रानं ट्रोलिंग स्पीडवरचा व्हिडिओ पाठवला. म्हणजे चालत्या बोटीमागे दोरीला खोटं आमिष बांधून ओढायचं, तर बोट नक्की किती वेगानं न्यायची. मोजायला जीपीएस, सेन्सर, ॲप. मी बघत होतो आणि एकटाच हसत होतो.

आमच्या आत्यानं हा प्रश्न इंग्रज असतानाच सोडवलाय. सोलापूरजवळ, हिप्परग्याच्या तलावात.

साल तिला माहीत नव्हतं. आम्ही आपला अंदाज काढला, तर पस्तीसच्या आसपास येतं.

तिचे वडील, आबा, तलावावर नावाडी. नाव सरकारी, बांधाजवळची राहायची खोपही सरकारी. कालव्याचा एक गोरा साहेब दर रविवारी मासे धरायला यायचा. त्याच्याकडे विलायतेहून आणलेले पितळी चमचे होते, खाली गळ लावलेले. नावेच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी, लांब दोरी आणि टोकाला चमचा. तो पाण्यात डुलला की मरळीला वाटतं, मासोळी चाललीय.

पण मरळीला काही वाटेना. तीन रविवार कोरडे गेले.

साहेबानं कारकुनाकरवी निरोप दिला. पुढच्या रविवारी मासा लागला नाही तर नावाडी बदलू. म्हणजे खोपही गेली.

आबांनी यावर उपाय काढला. अजून जोरात वल्हवायचं.

हसू नका. साहेब टांग्यात बसला की घोडा पळालाच पाहिजे, अशी तेव्हाची रीत. हळू नेणं म्हणजे कामचुकारपणा. आबा जीव तोडून सेवा करत होते आणि मागे चमचे पाण्यावर गरागरा फिरत होते.

आत्या तेव्हा नवी नवरी, माहेरपणाला आलेली. आबांचा खांदा धरला होता, म्हणून चौथ्या रविवारी एक वल्हं तिच्याकडे आलं.

वल्हवताना तोंड मागे असतं, त्यामुळे दोन्ही काठ्या तिच्या समोर. नाव वळली की वळणाच्या आतल्या बाजूची काठी, माशानं चमच्याला तोंड लावल्यासारखी, जराशी वाकते, हे तिनं पाहिलं. बाहेरची कधीच नाही. आतला चमचा वळणावर हळू होतो, एवढं तिला पुरलं.

"आबा, हळू की."

"गप. साहेब बसलाय."

मग तिनं वाद घातला नाही. डोक्यावर भरली घागर घेऊन बाई ज्या बेतानं पाऊल टाकते, त्या बेतानं ती आपलं वल्हं मारायला लागली.

आबा जोरात, ही हळू. नाव गोल फिरायला लागली. साहेब टोपी धरून बघतोय, आबा दबक्या आवाजात लेकीचा उद्धार करतायत, आणि ही ढिम्म. सरळ जायचं तर आबांना तिच्याइतकंच हळू मारण्यावाचून इलाज नव्हता.

नाव सरळ झाली. चमचे डुलायला लागले.

थोड्या वेळानं काठी अशी वाकली की साहेब उठून उभा राहिला. हातभर लांब मरळ. मग आणखी एक.

नोकरी राहिली, खोप राहिली. साहेबानं खुणेनं विचारलं, कसं जमलं? आबांनी मान खाली घालून लेकीकडे बोट दाखवलं.

ही गोष्ट तिनं मला शंभरदा तरी सांगितली असेल. दर वेळी मी मरळीची लांबी विचारायचो आणि दर वेळी ती वाढलेली असायची. फार हसायचो आम्ही.

शेवटच्या आजारपणात मात्र ती माझा हात धरून म्हणाली,

"मरळ काय, कुनालाबी घावती. पर त्या दिशी बाप माज्या चालीनं चालला बग."

आत्या, तुला आज मनापासून नमस्कार.

लई आठवण येते तुझी.