खळीची वाटी

लखोटा टपालाच्या खिडकीतून आत सरकवण्याआधी मास्तर त्याच्या चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "गोष्टच हाय, राव. गोष्टीला कोण भितंय?"

पिंपळवंडीच्या शाळेतले हे मास्तर दर बुधवारी पायी यायचे. पुण्याच्या एका मासिकासाठी ते गोष्ट लिहीत होते, खेपेला एक प्रकरण. मी टपालघरात कारकून. राजद्रोहाच्या नावाखाली माणसं उचलली जात होती ते दिवस. फौजदारानं आमच्याच भिंतीवर पानाची पिंक टाकून मला हुकूम दिला : मास्तरांचा लखोटा वाफेवर उघडायचा, नक्कल करून त्याला द्यायची, लखोटा पुन्हा चिकटवून पाठवायचा. मी "हो साहेब" म्हणालो. त्या होकाराची मला अजून किळस येते.

गोष्ट पुढे कधीतरी येणाऱ्या राज्याची होती. तिथं दर घरानं रोज चावडीवर जाऊन शेजारी काल काय बोलला ते सांगायचं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याच्यावरच संशय. हळूहळू लोक घरातही बोलेनासे झाले. आया अंगाई म्हणेनाशा झाल्या. राजाला वाटलं, सुखी झाली प्रजा! नक्कल करताना मला हसू यायचं, आणि पुढच्याच ओळीला मी टाक खाली ठेवायचो. तरी बुधवारची वाट मी बघायचोच. असले निर्लज्ज वाचक तुम्हीही पाहिले असतील.

एका बुधवारी मास्तरांनी लखोट्याशेजारी एक वाटी ठेवली.

"हे काय, मास्तर?"

"खळ हाय, कणकेची. मी खळीनं चिकटवतो, तुमी डिंकानं. पुण्याहून माझेच जुने लखोटे आणवून पाह्यले मी. डिंकानं कागद लई सुरकुततो, भाऊ."

माझी मान वर होईना. ते तोंडावर थुंकले असते तर बरं वाटलं असतं.

"तुमचं पोट हाय, कळतं मला. पर हे शेवटचं प्रकरण. एवढ्याची नक्कल करू नका. न्हाई तर मीबी जाईन, गोष्टबी जाईल."

"हो मास्तर," मी म्हणालो. आवाज तोच, फौजदाराला हो म्हणतानाचा.

शेवटच्या प्रकरणात चिठ्ठ्या फोडणारा एक कारकून होता. एके दिवशी तो चिठ्ठी फोडायला नकार देतो, आणि तिथून ते राज्य ढासळायला लागतं.

मी वळणदार अक्षरात सगळं उतरवलं. मग मास्तरांच्याच खळीनं लखोटा चिकटवला. एक सुरकुती पडली नाही.

संध्याकाळी फौजदार आला. नक्कल वाचून त्यानं लखोटाही उचलला. दोन दिवसांनी मास्तरांना बेड्या घालून मंचरच्या रस्त्यानं नेलं. खिडकीसमोरून जाताना ते म्हणाले, "गोष्टच व्हती, राव."

ते परत आले नाहीत. गोष्टीचा शेवट छापला गेला नाही. तो मला पाठ आहे, आणि मी तो कुणाला सांगितलेला नाही.

मंचरला दिलेल्या माझ्या मुलीचं पत्र आलं की मी आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो.